जाळ्यांखालचे बूट

"आजी, त्यांना सांग, खिडकी लावू नका. मला वारा हवाय."

"तिला सांग, धूळ येतेय."

"त्यांना सांग, धुळीने कुणी मरत नाही. धुतल्याने मरतं."

पुढच्या सीटवर बसलेल्या आजोबांची मान ताठ झाली. खिडकीची काच पुढच्या आणि मागच्या सीटला मिळून एकच होती, आणि गेली वीस मिनिटं ती आजोबांच्या हाताने बंद आणि नातीच्या हाताने उघडी होत होती. नातीशेजारी बसलेल्या आजीने मांडीवरची पिशवी आवळून धरली.

"मी काय टेलिफोन एक्स्चेंज आहे का?" ती म्हणाली. "हातभर अंतरावर बसलायत दोघं! हात लांब केला तर कान पिळता येईल एकमेकांचा."

"ट्रिंग ट्रिंग!" आजोबांच्या शेजारून नातू ओरडला, आणि अख्खी बस वळून बघायला लागली. पाच वर्षांच्या या पोराला हळू बोलणं हा प्रकारच जन्मापासून ठाऊक नव्हता, म्हणून घरात त्याला सगळे भोंगा म्हणत. त्याची बहीण नऊ वर्षांची. तिला म्हणत वकीलबाई. ती कुठल्याही गोष्टीत मुद्दे काढायची, साक्षीदार उभे करायची आणि भांडायची. सगळ्यात जास्त भांडायची ती आजोबांशी, अगदी चवीने. पत्त्यांत कुणी चोरी केली, शर्टाची घडी तीन पदरी चांगली की चार पदरी, मांजर आधी शिंकलं की दार आधी वाजलं. दोघांचं तोंड मिटायचं नाही. आणि आता आठ दिवस झाले, वकीलबाईंनी आजोबांशी बोलणंच टाकलं होतं. जे काही सांगायचं ते आजीमार्फत.

आठ दिवस! निरोप्याचं काम करून करून आजीच्या डोक्याचा भुगा झाला होता.

उद्या संध्याकाळी मुलांची आई त्यांना न्यायला येणार होती. आणि काल दुपारी जेवताना वकीलबाईंनी निकाल देऊन टाकला होता, "पुढच्या सुट्टीत मी येणार नाही. भोंग्याला पाठवा." आजोबांनी मान वर केली नाही. पण त्यांच्या हातातला घास तोंडापर्यंत न जाता तसाच ताटात उतरला, तो आजीने पाहिला. म्हणून आज सकाळी तिने तिघांनाही बखोटीला धरून या बसमध्ये घातलं होतं. मासा आणायचा, आजोबांच्या हातून पोरीला द्यायचा, आणि हे प्रकरण एकदाचं मिटवायचं.

सगळ्याच्या मुळाशी होते शेटजी.

शेटजी म्हणजे वकीलबाईंचा गोल्डफिश. नारिंगी, पोट सुटलेला, सारखी तोंडाची उघडमीट, जणू गादीवर लोडाला टेकून नोकरांना हुकूम सोडतोय. तीन वर्षं तिने त्याला जपलं होतं. सुट्टीत त्याला एकटं ठेवायला नको म्हणून ती त्याला टाकीसकट आजीकडे घेऊन आली होती, प्रवासभर त्याचा डबा मांडीवर धरून. चौथ्या दिवशी ती खेळायला मैदानात गेली आणि इकडे आजोबांचे हात शिवशिवले. टाकीच्या काचेला हिरवट थर, खड्यांवर चिकट गाळ, आणि कोपऱ्यातला तो स्पंज तर बघवेना. त्यांनी शेटजींना पातेल्यात काढलं, टाकी साबणाने घासली, खडे सोड्याच्या पाण्यात उकळले, स्पंज कचऱ्यात टाकला आणि नळाचं ताजं पाणी काठोकाठ भरलं. टाकी आरशासारखी झाली. इतकी, की भोंग्याने तिच्यात बघून भांग पाडला. संध्याकाळपर्यंत शेटजी एका कुशीवर होऊन तरंगायला लागले.

"मुळातच आजारी होता तो," आजोबा म्हणाले.

बस्स. या एका वाक्यावर ते आठ दिवस ठाण मांडून बसले होते. ना पुढे, ना मागे.

आजीने त्या संध्याकाळी नातीला कुशीत घेतलं होतं. "आजोबांच्या वतीने मी सॉरी म्हणते गं, बाळा."

पोरीने डोळे पुसले, तिच्याकडे पाहिलं आणि विचारलं, "तू का? मासा तू मारलास?"

हा प्रश्न आजीला चाळीस वर्षांत कुणी विचारलाच नव्हता.

चाळीस वर्षं त्यांची लॉंड्री होती. कोपऱ्यावरचं चिंचोळं दुकान. पुढे काउंटर, मागे वाफेची इस्त्री, आणि मध्ये आडव्या दांडीवर लटकलेले गिऱ्हाइकांचे कोट. डाग ओळखण्यात आजोबांचा हात धरणारा माणूस नव्हता. कॉलर नाकाशी नेऊन सांगायचे, "ग्रीस. तीन दिवसांपूर्वीचं. आणि घरी पाण्याने चोळलंय, म्हणून पसरलं." गिऱ्हाईक ओशाळं व्हायचं. पण डाग काढता काढता कधी रंगही निघून यायचा, कधी बटणं वितळायची, कधी लोकरीचा स्वेटर बाहुलीच्या मापाचा व्हायचा. मग गिऱ्हाईक तावातावाने आलं, की आजोबा हळूच त्या लटकत्या कोटांच्या मागे जाऊन उभे राहायचे. काउंटरवर आजी.

"पाणी जरा जास्तच तापलं हो."

"चुकलंच आमचं. पुढच्या वेळी असं नाही होणार."

ती बोलत असायची, आणि कोटांच्या रांगेखाली काळ्या बुटांची एक जोडी दिसत असायची. टाचा जुळवलेली, पॉलिश केलेली, गप्प. गिऱ्हाइकालाही ती दिसायची. कुणी काही म्हणायचं नाही. गिऱ्हाईक गेलं की बूट बाहेर यायचे आणि बुटांवरचे आजोबा म्हणायचे, "कापडच हलकं होतं." चुकलं हा शब्द त्या दुकानात अक्षरशः हजारदा उच्चारला गेला असेल, पण एकदाही आजोबांच्या तोंडून नाही.

मग गुडघे बोलायला लागले आणि दुकान बंद झालं. आजीला वाटलं, सुटले. कुठलं काय! जित्याची खोड. आजोबांनी आपला मोर्चा घराकडे वळवला. पंख्याची पाती रोज पुसायची, स्विचबोर्ड टूथब्रशने घासायचे. आजीचा चष्मा त्यांनी सोड्याच्या पाण्यात रात्रभर भिजवला, काचेवरचं कोटिंगच निघून आलं. आणि तवा! बावीस वर्षं तेल पिऊन काळाकुळकुळीत झालेला तिचा लोखंडी तवा त्यांनी एका दुपारी विटेने घासून चांदीसारखा करून ठेवला. त्या दिवसापासून त्याला सगळं चिकटायला लागलं.

"काळा झाला होता तो!" आजोबा म्हणाले होते.

"तवा होता तो!" आजी किंचाळली होती.

असो. बस शेवटच्या थांब्यावर आली.

मत्स्यपालनाची जागा थांब्यापासून दहा मिनिटांवर होती. आजीने आदल्या दिवशी फोन केला तेव्हा तिथली बाई म्हणाली होती, "मासा देते, काकू. पण आम्ही मासा एकटा देत नाही. स्पंजासकट देतो." आजीने विचारलं, स्पंज कशाला? बाई म्हणाली, "या, मग सांगते."

पत्र्याचं फाटक ढकललं आणि कानांत बुडबुड भरली. हिरव्या जाळीच्या छताखाली सिमेंटच्या टाक्यांच्या रांगा, प्रत्येक टाकीत बोटाएवढी नळी, आणि प्रत्येक नळीतून हवेचे बुडबुडे. शंभर किटल्या एकदम उकळत असाव्यात तसं. जमीन ओली, निसरडी. फाटकाजवळ एक नळ, नळाशेजारी मासे पॅक करायचं टेबल, आणि त्यापलीकडे दोरीवर वाळत घातलेल्या निळ्या जाळ्या, चादरींसारख्या रुंद.

आजोबांनी खिशातून रुमाल काढून नाकाला लावला. "वास!"

"मासे आहेत," आजी म्हणाली. "अत्तराचं दुकान नाही."

"आणि पाणी बघ. हिरवं! डबकं आहे नुसतं."

"तुम्ही आता एक अक्षर बोलू नका."

गमबूट घातलेली, रबरी एप्रनवाली बाई हात पुसत आली. पन्नाशीची, आवाज मोठा, कमरेला छोटी जाळी खोचलेली. हा उद्योग तिच्या वडिलांनी उभा केला होता. वडील अजूनही पलीकडे स्टुलावर बसून पांढऱ्या ताटलीत पिल्लं निवडत होते. चमच्याने एकेक उचलायचे, डोळा बारीक करायचे. शेपूट वाकडी, डावीकडे. शेपूट सरळ, उजवीकडे.

"ही का आमची वकीलबाई?" मासेवालीबाईने विचारलं. आजीने फोनवर सगळं घरदार सांगितलं होतं. "चल, तुझा मासा तूच निवड. थांब हं, आधी तुमचा स्पंज काढून ठेवते."

तिने एका जुन्या टाकीतून मुठीएवढा स्पंज काढला. गडद तपकिरी, बुळबुळीत, गाळ ठिबकणारा. त्याच टाकीतलं पाणी तिने बादलीत घेतलं, त्यात तो बुडवला आणि बादली टेबलाखाली ठेवली.

आजोबा बादलीकडे बघत राहिले. आजीला तेव्हाच कळायला हवं होतं. ती नजर ती ओळखून होती. मळकी कॉलर बघतानाची नजर.

"चला आत," मासेवालीबाई म्हणाली.

"मी इथेच थांबतो," आजोबा म्हणाले. "आत चिखल आहे. बूट खराब होतील."

"थांबा," आजी म्हणाली. "उभ्या उभ्या टाक्या मोजा. कशाला हात लावू नका."

आत अंधारलेली खोली होती, भिंतीला फळ्या, फळ्यांवर काचेच्या बरण्या ओळीने मांडलेल्या. प्रत्येक बरणीत एकच मासा, झालरीसारखी शेपूट असलेला, आणि दर दोन बरण्यांमध्ये उभा केलेला पुठ्ठा.

"हे एकेकटे का?" भोंग्याचा आवाज इतका मोठा, की बरण्या थरथरल्या.

"फायटर आहेत ते. एकत्र ठेवले तर एकमेकांचे लचके तोडतात. नुसते दिसले तरी फुगून बसतात. म्हणून मध्ये पुठ्ठा."

"तो पुठ्ठा म्हणजे मीच," आजी म्हणाली.

मासेवालीबाई खो खो हसली. वकीलबाई हसल्या नाहीत. त्या विचारत होत्या, "स्पंज कशाला लागतो?"

"चांगला प्रश्न. मासा पाण्यातच खातो आणि पाण्यातच घाण करतो, बरोबर? त्या घाणीचं विष होतं. ते विष खाऊन टाकणारे बारीक जीव असतात, डोळ्यांना न दिसणारे. ते स्पंजात राहतात. तुला तो गाळ दिसला ना? ती त्यांची वस्ती. स्पंज नवा आणि पाणीही नवं असलं, तर मासा आपल्याच घाणीच्या विषाने मरतो."

"मग स्पंज कधीच धुवायचा नाही?"

"टाकीतल्याच पाण्यात हलकेच पिळायचा. नळाखाली धरला की संपलं. आमच्या बाबांनी पहिल्या टाकीत पहिला स्पंज मुरवला, त्याला आता पन्नास वर्षं झाली. त्याच्याशेजारी ठेवून दुसरा मुरवला, दुसऱ्याशेजारी तिसरा. विरजणासारखं. जो आमच्याकडून मासा नेतो त्याला त्यातला एक देतो. म्हणून आमचे मासे जगतात."

"म्हणजे माझा तवा!" आजीच्या तोंडून निघालं.

वकीलबाईंच्या कपाळावर मात्र एक बारीक आठी पडली होती. "आमच्या टाकीत होता तसा स्पंज," ती हळूच म्हणाली. "त्यांनी टाकून दिला."

आजीने तिच्या पाठीवर हात ठेवला.

"मी आजोबांकडे जातो!" भोंगा ओरडला आणि पळाला. त्याला फार वेळ कुठेच थांबवायचं नाही.

मासा निवडायला वकीलबाईंनी पाव तास लावला. प्रत्येक गोल्डफिशची उलटतपासणी झाली. शेवटी तिने बोट दाखवलं ते एका मातकट पोरावर. अजून नारिंगी न झालेला, पण पोट आत्तापासूनच सुटलेला.

"हा. हा शेटजींच्या घरातला वाटतो."

"येईल रंग हळूहळू," मासेवालीबाईने त्याला अलगद जाळीत घेतलं, बरणीत सोडलं. आजीच्या छातीवरचं ओझं उतरलं. आता बाहेर जायचं, बरणी आजोबांच्या हातात द्यायची, त्यांनी ती नातीला द्यायची...

बाहेर आल्या आणि मासेवालीबाई जागच्या जागी थबकली.

नळ ठिबकत होता. नळाखाली फेसाचा हा एवढा ढीग. बादली उलटी करून निथळत ठेवलेली. आणि टेबलावर, घडी मारलेल्या रुमालावर, एक स्पंज. निळाशार. नवाकोरा वाटावा असा. पिळून, झटकून, चारी कोपरे सारखे करून ठेवलेला. शेजारी हात धुवायच्या साबणाची वडी, झिजून अर्धी झालेली.

आणि फेसाच्या मधोमध, कोपरांपर्यंत पांढरा झालेला भोंगा.

"अरे देवा!" मासेवालीबाई केवढ्याने ओरडली! "काय केलंस रे हे? सहा आठवडे मुरवलेला स्पंज! साबणाने धुतलास? अरे, आज द्यायला एवढा एकच होता माझ्याकडे! कुणी सांगितलं होतं हात लावायला?"

पलीकडे तिचे वडील चमचा हातात धरून उभे राहिले.

आणि मग आजीने आयुष्यात कधी न पाहिलेली गोष्ट घडली. भोंगा गप्प झाला. तोंड उघडं, पण आवाज नाही. फेसाने भरलेले हात त्याने अंगापासून लांब धरले होते, जणू ते दुसऱ्या कुणाचे होते, आणि त्याचे डोळे वळले दोरीवरच्या निळ्या जाळ्यांकडे.

आजीचेही वळले.

जाळ्यांच्या खाली काळ्या बुटांची एक जोडी होती. टाचा जुळवलेली.

आजीच्या अंगाचा तिळपापड झाला. चाळीस वर्षं! कोट गेले, दुकान गेलं, दांडीसुद्धा भंगारात गेली, आणि हा माणूस एवढ्या मोकळ्या आवारात लपायला जाळ्या शोधतो! पण जिभेला सवय ती सवय. राग डोक्यात आणि शब्द ओठांवर, दोन्ही एकदमच आले.

"अहो बाई, रागावू नका. चु—"

वकीलबाई तिच्याकडे बघत होत्या. त्या नजरेत तोच प्रश्न होता. तू का?

आजीने तोंड मिटलं. दातांवर दात ठेवले. सोपं नव्हतं ते. समोर नातू रडवेला, बाई संतापलेली, आणि 'चुकलंच आमचं' हे दोन शब्द टाकले की सगळं मिनिटात निवलं असतं. हजारदा निवलं होतं. तिने पिशवीचे बंद हाताला गुंडाळले आणि जाळ्यांकडे बघत उभी राहिली.

नुसती बुडबुड ऐकू येत होती.

डावा बूट किंचित सरकला. थांबला. उजवा सरकला. मग जाळी बाजूला झाली आणि आजोबा बाहेर आले. शर्टाच्या बाह्या कोपरावर दोन घड्या घालून वर केलेल्या, इस्त्रीची कड न मोडता. हात लालबुंद, ओले.

"त्याला ओरडू नका," ते म्हणाले. "त्याने नुसता फेस केला. स्पंज मी धुतला."

"तुम्ही?" मासेवालीबाईचा विश्वास बसेना. "एवढे मोठे होऊन? का हो काका?"

"घाण होता."

"घाण नव्हता हो तो! तोच तर जिवंत होता!"

"मला घाण दिसला," आजोबा म्हणाले. आवाजात अजून ताठरपणा होता. मग मासेवालीबाईने आत सांगितलेलं सगळं पुन्हा सांगितलं, या वेळी चढ्या आवाजात. बारीक जीव, विष, वस्ती, पन्नास वर्षं. आजोबा ऐकत होते. डागावर काय घातलं तर कापड जळतं हे जाणणारा माणूस होता तो. मूर्ख नव्हता. शब्दागणिक त्यांचा चेहरा उतरत गेला.

"म्हणजे," त्यांनी शेवटी विचारलं, "आमच्या टाकीतला जो स्पंज मी टाकून दिला..."

"टाकून दिलात? आणि पाणी?"

"सगळं बदललं. नळाचं भरलं."

"सगळं?" मासेवालीबाईने कपाळाला हात लावला. "त्या पाण्यात क्लोरीन असतं! कसा जगेल हो मासा!"

आजोबांनी मान हलवली. मग त्यांची नजर, जुन्या वाटेने जावी तशी, थेट आजीकडे आली. "अगं, तिला सांग ना, की..."

"मी काही सांगणार नाही," आजी म्हणाली. "मी आज बंद आहे. ती समोर उभी आहे, तोंड आहे तुम्हाला, सांगा."

आजोबांनी बाह्या खाली सोडल्या. एक बटण लावलं. दुसरं लागेना, बोटं ओली होती. ते सोडून दिलं. वकीलबाई बरणी छातीशी धरून उभ्या होत्या.

"शेटजी आजारी नव्हता," आजोबा म्हणाले.

"मग?"

"मग काय... मीच. माझ्यामुळे." गंजलेली कडी सरकावी तसा तो शब्द आला. "चुकलं माझं."

आजीला वाटलं, आता पोर धावत जाऊन मिठी मारेल. तसलं काही झालं नाही. वकीलबाईंनी बरणी टेबलावर ठेवली, दोन्ही हात कमरेवर घेतले आणि साक्ष सुरू केली.

"टाकी कुठल्या साबणाने घासलीत?"

"कपड्यांच्या."

"किती?"

"दोन चमचे."

"दोन?"

"...चार."

"खडे किती वेळ उकळले?"

"अर्धा तास. असतील... पाऊण."

"आणि त्याला पातेल्यात ठेवलंत तेव्हा तो कसा होता?"

"पोहत होता," आजोबा म्हणाले. "चांगला पोहत होता. मला बघून तोंड उघडत होता. मला वाटलं, त्याला आनंद झालाय."

वकीलबाईंचे डोळे भरले, पण तिने ते पुसले नाहीत. थेट बोलत होती पोरगी. मध्ये कुणी नाही, पुठ्ठा नाही.

"मी फक्त फेस केला!" भोंगा एकदम केकाटला. आवाज परत आला होता, व्याजासकट. जवळच्या टाकीतले सगळे मासे तळाला गेले.

आजोबा खाली बसले, गुडघे कुरकुरत, त्याचे हात नळाखाली धरून धुवायला लागले. "हो रे बाबा. तू फक्त फेस केलास. मी तुला ओरडा खायला लावला. तेही चुकलंच माझं." दुसऱ्यांदा शब्द जरा सहज आला.

मासेवालीबाईचे वडील ताटली घेऊन हळूहळू जवळ आले. निळा स्पंज उचलून त्यांनी डोळ्यांजवळ नेला, बोटांनी दाबला.

"धुतलाय मात्र झकास," ते म्हणाले. "एक कण ठेवला नाही."

"बाबा!" मासेवालीबाई म्हणाली.

"खरं ते सांगतो. साबण निघेपर्यंत खळबळून परत टाकीत टाक. सहा आठवडे लागतील." मग वकीलबाईंकडे वळून, "मासा आज नाही देता येणार, पोरी. दिला तर तोही जाईल. तुझ्या नावाची पट्टी लावून इथेच ठेवतो. सहा आठवड्यांनी ये. चालेल?"

आजीचा जीव टांगणीला लागला. सहा आठवड्यांनी शाळा. सहा आठवड्यांनी ती इथे नाही.

वकीलबाई बोटांवर काहीतरी मोजत होत्या. "तेव्हा शनिवार येतो. आई शनिवार-रविवार सोडेल." मग तिने आजोबांकडे बोट केलं. "मला यावंच लागेल. यांच्या एकट्याच्या भरवशावर मासा सोडता येणार नाही."

"नाहीच सोडता येणार," आजोबा घाईघाईने म्हणाले.

"आणि तोपर्यंत घरच्या टाकीला हात लावायचा नाही."

"नाही लावत."

"फडकंसुद्धा नाही."

इथे मात्र आजोबांचा जीव वरखाली झाला. "काचेला बाहेरून तरी—"

"बाहेरून चालेल. कोरड्या फडक्याने. रविवारी. मी फोन करून विचारणार."

मासेवालीबाईने मासा एका छोट्या टाकीत सोडला आणि पट्टी दिली. वकीलबाईंनी तीवर जाड अक्षरांत 'शेटजी दुसरे' लिहिलं आणि ती टाकीला चिकटवली. पट्टी थोडी तिरकी लागली होती. आजोबांचा हात ती सरळ करायला पुढे गेला, अर्ध्यावर थांबला, आणि खिशात गेला.

परतीच्या बसमध्ये आजी आणि भोंगा पुढे बसले. भोंगा पाच मिनिटांत आजीच्या मांडीवर डोकं ठेवून झोपला. मागच्या सीटवर नात आणि आजोबा. आजीला वाटलं, झालं एकदाचं. आता घटकाभर शांतता.

"गोल्डफिश पाण्यात राहतो म्हणजे तो मुळात स्वच्छच असतो," मागून आजोबांचा आवाज आला.

"म्हणजे चिखलातलं डुक्कर मळकं असतं असं म्हणायचंय तुम्हाला?"

"असतंच!"

"पुरावा काय?"

"पुरावा? डोळे आहेत मला!"

"तुमच्या डोळ्यांनीच तर स्पंज धुतला!"

आवाज चढत गेले. कंडक्टरने दोनदा वळून पाहिलं. आठ दिवस ज्या भांडणासाठी आजी तडफडली होती, ते आता थांबायचं नाव घेईना. पुढच्या-मागच्या सीटची काच खडखडत उघडली, खडखडत बंद झाली.

"आजी, यांना सांग ना!"

"अगं, हिला सांग जरा!"

आजीने भोंग्याच्या डोक्याखालचा हात नीट केला, मान खिडकीला टेकवली आणि डोळे घट्ट मिटून घेतले. एक्स्चेंज बंद होतं.